शिवाप्पांचं बक्षिसाचं पुस्तक

दुपारच्या भाकरी उरकल्यावर ईश्वरीने नीलमला हाक मारली. ओ आली नाही. आठ वर्षांची पोर ओसरीवर वाचत बसलेली. आता तिथं नुसतं पुस्तक उघडं पडलं होतं.

पुस्तक सासऱ्यांचं. शिवाप्पांना ते लहानपणी शाळेत बक्षीस मिळालेलं. पोरांसाठी छापलेलं दुसरं पुस्तक तेव्हा राणीसावरगावात नव्हतंच. परवा त्यांनी ते पेटीतून काढून नातीला दिलं. म्हणाले, "तुमच्या पुस्तकांत नुसते रंगीत ससे. आमाला ह्याच्यानं वळण लागलं."

ईश्वरीने उघडं पान वाचलं. खोटं बोलणाऱ्या मुलीला विहिरीतून हाक येते. ती गेली नाही, तर तिच्याऐवजी तिच्या आईला नेतात. खाली चित्र होतं, पाण्यातून वर आलेला हात.

सकाळीच नीलमने दूध मांजरीला पाजून 'मी प्याले' म्हणून सांगितलं होतं. "खोटं बोलायलीस," असं ईश्वरी म्हणाली आणि तेवढ्यात तिला जोराचा ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पोर तिच्याकडे एकटक बघत राहिली होती.

ईश्वरी अनवाणी धावली, घरामागच्या तुरीतून, थेट विहिरीकडे.

नीलम खालच्या पायरीवर बसली होती, पाय पाण्यात सोडून. पायरीवर हिरवं शेवाळ. ईश्वरीने हाक मारायला तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबून धरलं. विहिरीत आवाज घुमतो. नावाची हाक घुमली, तर पोरीला वाटेल बोलावणं आलं.

भिंतीला धरून ती एकेक पायरी उतरू लागली. छाती इतकी धडधडत होती की तोही आवाज खाली ऐकू जाईल असं तिला वाटलं. एक खडा सुटला, डुबकन पाण्यात पडला.

नीलम मागं न बघता म्हणाली, "मी आले हाय. माझ्या आईला नेऊ नका."

ईश्वरीने झडप घालून तिचा दंड धरला. कितीतरी वेळ दोघी तिथंच एकमेकींना घट्ट धरून बसल्या. मग ईश्वरीने तिला खांद्यावर घेऊन वर आणलं.

शिवाप्पा लांब बांधावर काठी धरून उभे होते. ईश्वरी त्यांच्यापाशी गेली.

"मामा, असलं पुस्तक लेकराच्या हातात कशाला दिलं?"

"तू ह्या घरात येऊन दहा वर्सं झाली. मला कधी विहिरीच्या काठावर बघितलंस?"

तिने आठवून पाहिलं. कधीच नाही.

"मी बी खोटं बोललो होतो," म्हातारा म्हणाला. "गेलो न्हाई विहिरीवर, लय भ्यालो. त्याच साली माझी माय गेली. तापानं गेली म्हणले सगळे. मला ठाऊक होतं कशानं."

"आन् तरी दिलंत?"

"भ्यायल्याबिगर पोर नीट वाढत न्हाई, असंच वाटायचं. दुसरं काय वाचलंय मी?"

आईच्या खांद्यावरून नीलमने मान वर केली. "आबा, तुमाला हाक आली होती?"

शिवाप्पांनी विहिरीकडे बघितलं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "सत्तर वर्सं कान देऊन बसलोय. एकदाबी आली न्हाई."