दोन गेज

"खोटारडं… बिलकुल खोटारडं," राधाकिसन पुटपुटला, इतक्या हळू की शेजारी स्टुलावर बसून प्लगाची काजळी घासणाऱ्या बायकोलाच, दैवशालेलाच, ते ऐकू यावं — आणि बोलणं तिला नव्हतंच, हातातल्या, इंजिनाचा दाब मोजायच्या गेजला होतं. वाटीच्या तोंडाएवढी गोल तबकडी, काचेवर कडेला केसासारखी चीर, आत पांढऱ्यावर काळे आकडे, आणि लाल काटा साठाच्या जरासा पुढं जाऊन उभा. उभाच. दैवशालेला नवल वाटायचं ते याचंच. दोरी ओढून झाली, इंजिन गप्प, कुणी काही करत नाही, तरी काटा चढला तिथं थांबून राहतो. नळीच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी पिन असते, ती आत आलेल्या हवेला मागं फिरू देत नाही म्हणून. बाजूचं बटण दाबलं की फुस्स. पण दाबेपर्यंत इंजिनानं सोडलेला तो एक श्वास त्या तबकडीत जसाच्या तसा धरलेला… इतकी वर्षं बघून राह्यली, पण एखाद्या गोष्टीची सवय होत नाही ती नाहीच.

साठ म्हणजे इंजिन संपलं. फवारणी पंपाच्या धडधाकट इंजिनाचा काटा शंभराच्या पुढं जायला हवा. साठ म्हणजे रिंगा घासल्या, दट्ट्या सैल झाला, उघडा आणि नवं बसवा. पण पंप नंदाबाईचा होता, गेल्याच हंगामात घेतलेला, आणि सकाळी तिनं दुकानासमोर स्वतः दोरी ओढून तो सुरू करून दाखवला तेव्हा राधाकिसननं डोळे मिटून आवाज ऐकला होता आणि म्हटलं होतं, "इंजिन बराबर हाय याचं. सायलेन्सर तुंबला असंल. कंप्रेशन पाहून घेतो, तोवर बाजार करून या." नंदाबाई मिरचीच्या बाजारात गेली. पिंपळगाव रेणुकाईत सध्या मिरचीशिवाय दुसरं काही नाही — रस्त्यावर मिरची, टेम्पोत मिरची, शिंकेतही मिरची. तिच्या रानात झाडांची पानं मुरडायला लागली होती, आज फवारा बसायला हवा होता.

"नवं बी तेच सांगतंय आन् जुनं बी तेच," राधाकिसन म्हणाला. टेबलावर नवा गेज पडला होता, चकचकीत, अजून डब्याचा वास असलेला. "दोघांनी ठरवून घेतलंय जसं."

"ते कशाला ठरवतील."

"म्हंजे?"

"काही न्हाई."

काही न्हाई. होळीपासून या घरात सगळ्यात जास्त खपलेले शब्द. त्या दिवशी त्याच्या हातातून चहाचा कप निसटला होता, तो काहीतरी सांगायला गेला आणि शब्द ओल्या कागदासारखे एकमेकांना चिकटून बाहेर आले. जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी लख्ख शब्दात सांगितलं होतं काय झालंय ते, लवकर आणलं म्हणून निभावलं हेही. मग तो घरी आला, बोलणं सरळ झालं, चालणं सरळ झालं, बोटांना अक्कल परत आली — आणि तो शब्द मात्र कुणीच घरी आणला नाही. संभाजीनगरहून मुलगा परमेश्वर फोनवर विचारतो, "अण्णाचा अशक्तपणा कसाय आई?" आळीतली माणसं म्हणतात, "मधी तब्येत बिघडली व्हती न्हाई का." अशक्तपणा, तब्येत, ऊन लागलं, बीपी… आणि मी तर सगळ्यांच्या पुढं. दवाखान्याची फाईल आणली, औषधं आणली, पथ्य आणलं, तेवढा एक शब्द तिथल्या बाकाखाली चपलेसारखा विसरून आले.

गिऱ्हाइकंही शहाणी. बाप्ये पंप घेऊन येतात आणि राधाकिसन गेज लावून दोरीला हात घालायच्या आत म्हणतात, "थांबा दादा, मी वढतो, तुम्ही काटा पहा." किती सहज म्हणतात! पाणी विचारावं तसं. त्यांनी ओढलं की काटा सरसर चढतो, शंभर, एकशे दहा. एखादवेळी पंप घेऊन बाई येते, किंवा दुकानात कुणी नसतं, राधाकिसन स्वतः ओढतो आणि काटा साठाशी बसकण मारतो. "कधी खरं बोलतं, कधी खोटं," तो म्हणतो. "माणसाचं तोंड पाहून बोलतं हे."

आणि मग तो गेज दुरुस्त करतो.

म्हणजे खरोखर दुरुस्त करतो, उगाच नाही. आधी त्यानं प्लगाच्या जागी बसणाऱ्या टोकाची रबरी रिंग बदलली, तिथून हवा निसटत असेल म्हणून. मग पिन. घाईत टायरच्या वॉल्व्हची बसवली, मापाला अगदी तंतोतंत, आणि काटा आणखी खाली आला. दोन दिवस तो तीच पिन काढत-बसवत राहिला. तिसऱ्या दिवशी दोन पिना शेजारी ठेवून नखानं दाबून पाहताना एकदम हसला — होळीनंतरचं पहिलं हसू. "अगं, टायरची स्प्रिंग कडक! तिला उघडायलाच हवेचा जोर खर्ची पडतो. टायराला चालतंय. या एवढ्याशा इंजिनाला कुठून परवडावं?" मग मऊ स्प्रिंगची खरी पिन मिळवली, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, श्वास रोखून ती बसवली. गेज अगदी बरोबर झाला. काटा साठावर.

म्हणून मग जालना. मस्तगडातल्या एका दुकानात मालकानं तीन गेज पुढं ठेवले. एक रबरी टोकाचा, प्लगाच्या भोकावर नुसता दाबून धरायचा. राधाकिसननं तो लगेच बाजूला सारला — एका हातानं दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं, कशाला ते. दुसरा गाड्यांचा, हातभर नळीचा, पेटीबिटीसकट. मालक त्याचंच गुणगान गात होता. तिसरा छोटा, आखूड नळीचा, पिन अगदी टोकाशी. त्यानं नळीतून फुंकर मारली, पिन दाबली, परत फुंकली. वधूपरीक्षेत कुणी इतकं पाहिलं नसेल. परतताना एसटीत खिडकीशी बसून तो तिला सांगत होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती. "लांब नळी म्हंजे तेवढी जागा वाढली का न्हाई? मोठ्या गाडीला काय फरक पडतो. आपल्या इंजिनात हवा केवढी, मुठीत मावंल एवढी. ती नळीतच पांगून जाती. काट्यापर्यंत जीव राहतच न्हाई."

मुठीत मावेल एवढी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, घरात गेजबिज काही नव्हता तेव्हा, त्यानं एका उघड्या इंजिनाच्या प्लगाच्या भोकावर तिचा अंगठा ठेवला होता. "दाबून धर. सोडू नको." आणि दोरी ओढली. आतून काहीतरी आलं — धक्का म्हणावा तर मऊ, मऊ म्हणावं तर अंगठा उडवून देणारं — आणि ती किंचाळून हात मागं घेऊन हसत सुटली होती, सासूबाई दारात आल्या तरी हसू थांबेना. साधी हवा. आपण घेतो, सोडतो तीच. लोखंडाच्या भांड्यात कोंडली की माणसाचं बोट ढकलून देते. त्या दिवशी तिला हे दुकान आपलं वाटलं. पुढं ती पाहून पाहून शिकत गेली, कुणी शिकवलं असं नाही. प्लग, कार्बोरेटर, सायलेन्सरमधली काजळी. दोरी मात्र तो ओढायचा. तसं कुणी ठरवलं नव्हतं. भाकरी ती थापायची, दोरी तो ओढायचा.

…आणि आत्ता, काजळी घासता घासता तिचा हात थांबला.

रिंग पाहिली, पिन पाहिली, नळी पाहिली, गेजच दुसरा आणला. इंजिनाचा आवाज पाहिला. एकेक कारण त्यानं उचलून बाजूला ठेवलं, एकही सोडलं नाही — फक्त एक सोडलं, दोरी ओढणारा हात. ज्याला दोन पिनांच्या स्प्रिंगांतला फरक नखाला कळतो, त्याला हे कळलं नसेल? डाव्या हातानं ओढून पाहिली असती एकदा, तरी काटा बोलला असता. पण तो डावा हात दोरीला लावत नव्हता. कधीच नाही. म्हणजे… त्याला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. एवढी बारीक विद्या, एवढा जन्माचा अभ्यास, आणि तो सगळा कामाला लावून हा माणूस चार महिने एका जागेभोवती फिरतोय, तिथं पाय न ठेवता. तिला राग यायला हवा होता. आला नाही. कोळी अधांतरी जाळं विणतो तेव्हा आपण कसे बघत राहतो, तशी ती त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली.

"झाला का वो भाऊ?" नंदाबाई आत आली, डोक्यावरची पिशवी खांबाशी टेकवत. "भाव पडला मिरचीचा. आता फवारा बी न्हाई बसला तर झाडं उपटून चुलीत घालते, तिखट धूर तरी व्हईल. दैवशाला, पाणी दे गं बाई. तुमच्या दुकानात बसलं की अंगाला पेट्रोलचा वास, आमचे मालक घरी इचारतात, कुठं गेल्ती?"

"सांगा, विमानात बसून आले," दैवशाला तांब्या पुढं करत म्हणाली.

राधाकिसन हसला नाही. तो दोन्ही गेजकडे बघत होता. मग त्यानं फडक्याला हात पुसले, आणि पाना उचलला.

"उघडावं लागंल, नंदाबाई."

"आं? सकाळी तर म्हणले बराबर हाय!"

"दोन्ही काटे साठ सांगतेत. काट्याच्या पुढं माझं काय चालतं? पिस्टन गेला असंल…"

शेवटचे शब्द तो टेबलाशी बोलला. आणि ते दैवशालेनं ऐकलं. पंचक्रोशीत राधाकिसनचं नाव कशावर होतं? पत्र्याच्या या दुकानात ना पाटी ना पंखा; माणसं यायची ती एवढ्यासाठी की हा माणूस इंजिनाबद्दल खोटं बोलत नाही. चालेल म्हटलं तर चालेल, गेलं म्हटलं तर गेलं. जन्मभरात पहिल्यांदा तो एका धडधाकट इंजिनाला मेलं म्हणत होता. खोटं त्या गेजनं बोलायचं, इंजिनानं बोलायचं, पण तो… तो बोलायला लागला तर मग उरलं काय? हात गेला तर गेला. हे गेलं तर मी कुणाबरोबर राहू?

ती उठली. लुगड्याचा पदर कमरेला खोचला. "थांबा," म्हणाली. पंपावर डावा पाय रोवला, रेस पूर्ण उघडली, दोरीची मूठ धरली. त्यानं मान वर केली. एक क्षण असा गेला की वाटलं, आता तो ओरडेल. त्याचा हात पुढं आला, बटण दाबून त्यानं काटा शून्यावर आणला, आणि प्लगाच्या जागी बसवलेला गेज उचलून तिला दिसेल असा नाही, स्वतःला दिसेल असा धरला.

तिनं ओढली. काटा उडाला. पुन्हा — काटा आणखी वर, पायरी चढावी तसा. पुन्हा. खांद्यातून, पाठीतून, कुठून कुठून जोर गोळा होऊन येत होता, आणि तो आपला आहे हे तिला पटेना. एवढी वर्षं हा कुठं बसला होता, पिठात? विहिरीच्या दोरात? इंजिन आतून तिच्याशी झटत होतं आणि ती त्याच्याशी, आणि दोघांच्या मधे त्या काचेत काटा चढत चालला होता. शंभर. त्याच्या पुढं. मग जागेवर थांबला.

दोरी सरसरत आत गेली.

"अगं बया!" नंदाबाई म्हणाली. "भाऊ, सांभाळून ऱ्हावा बरं का. एक ठेवून दिली तर देऊळगावात पडताल!" मग दोघांच्या तोंडाकडे पाहून तिनं हसू गिळलं, पदराचा बोळा तोंडाशी धरला. रस्त्यावर टेम्पो मागं घेताना कुणी पत्र्यावर हात आपटत होतं.

राधाकिसननं काट्याकडे पाहिलं. बटण दाबलं नाही. मग तो बोलला, आणि आवाज तोच होता, इंजिन उघडून झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगतानाचा, न चढवलेला, न पाडलेला.

"नंदाबाई, पंप बराबर हाय तुमचा. सायलेन्सर साफ करून देतो. काटे बी बराबर हायेत, दोन्ही." त्यानं पाना खाली ठेवला. "मला लकवा झालता, होळीला. उजव्या हातात जोर राह्यला न्हाई."

शब्द दुकानात आला आणि पत्रे जागच्या जागी राहिले. दैवशालेच्या तळहाताची आग होत होती. उद्या काय, परवा काय, परमेश्वरला काय सांगायचं, यातलं काहीच तिला दिसत नव्हतं, आणि भीती होती, चांगली घसघशीत होती. पण तिच्याकडे न बघता उभ्या असलेल्या या माणसाकडे ती बघत होती, आणि नवरी होऊन आली तेव्हाही तिला त्याच्यापुढं इतकं लाजल्यासारखं, इतकं लहान आणि इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.