उसना दिलेला रेडा

मित्रांनो, मी एक जुना रेडा आहे. अरे, थांबा, पळू नका! मला शिंगं नाहीत, शेपटी नाही आणि मी आजवर कुणाच्याही अंगावर धावून गेलेलो नाही. उलट लोकच माझ्या अंगावर येतात. रग्बी खेळणारे आठ धिप्पाड गडी खाली वाकतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि खांद्यांनी मला रेटतात. त्यासाठीच माझा जन्म झाला. माझं खरं नाव स्क्रम मशीन. पण काही केल्या जागचा हलत नाही म्हणून पहिल्याच दिवशी कोणीतरी मला रेडा म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. मलाही ते आवडतं. मशीन काय, पिठाच्या गिरणीतही असतं!

आता स्क्रम म्हणजे काय, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. ठाऊक असलेल्यांनी तोवर बुटांच्या नाड्या बांधून घ्याव्यात. खेळ अडला की दोन्ही संघांचे आठ-आठ जण समोरासमोर वाकतात, डोकी एकमेकांच्या डोक्यांशेजारी अडकवतात, मधल्या फटीत बॉल टाकला जातो आणि मग दोन्ही बाजूंनी रेटारेटी सुरू होते. सगळ्यात पुढे तिघं असतात, त्यांना पुढची फळी म्हणतात. समोरच्यांचा सगळा भार या तिघांच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो. त्यामुळे तिथे हौशी माणूस चालत नाही, शिकलेलाच लागतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं घोडं इथेच अडणार आहे.

मला घडवलं आमच्या क्लबच्या वेल्डरकाकांनी. ते दिवसभर लोकांची फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडायचे आणि संध्याकाळी क्लबच्या पुढच्या फळीत उभे राहायचे. भंगारातल्या ट्रकचे पाटे आणून त्यांनी माझ्या स्प्रिंगा केल्या. एका मोडक्या फाटकाचा सांगाडा घेतला. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं लालभडक रेक्झिन माझ्या गाद्यांना चढवलं. त्यांची ताई दारातून ओरडायची, "अरे, जेवायला येतोस का त्या लोखंडाशीच संसार मांडतोस?" काका डोळ्यांवरचा चष्मा न काढता म्हणायचे, "ताई, एवढी एक गादी बसवतो आणि आलोच." असं करता करता ताट पार गार व्हायचं.

काय दिवस होते ते! काका माझ्या पाठीवर वजन म्हणून बसायचे आणि गड्यांवर खेकसायचे, "पाठ सरळ! अरे, ही पाठ आहे का घसरगुंडी?" त्यांच्या शेजारी थर्मास घेऊन बसायच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या आमच्या क्लबच्या सचिव. "तुम्ही दात पाडून घ्या, मी आहेच," असं म्हणून त्या खुशाल हसायच्या. पाहुणे संघ माझ्याभोवती फिरून मला हात लावून बघायचे. मी फुगून जायचो. लोखंडाला फुगता येत नाही म्हणतात, पण मला यायचं.

एक गोष्ट मात्र काकांना सलायची. देशात वरची एक मोठी लीग होती. तिथले खेळाडू पगारी, त्यांचे सामने टीव्हीवर. आणि खाली आम्ही, शेजारच्या दोन गावांशी मैत्रीचे सामने खेळणारे. मधे काहीच नव्हतं. वर चढायला जिना हवा, तर इथे तळमजला आणि गच्ची एवढंच. काका तरुण असताना वरच्या एका संघाने त्यांना चाचणीला बोलावलं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "खेळतोस झकास. पण आजवर कुणाकुणाविरुद्ध खेळलायस?" काकांनी दोन गावांची नावं सांगितली. साहेब हसले आणि विषय संपला. काका ते हसणं विसरले नाहीत.

म्हणून त्यांचा सगळा जीव भाच्यावर. भाचा नळ बसवायचं काम करतो, खांदे काकांपेक्षा रुंद आणि डोकं काकांपेक्षा तापट. काकांची एकच इच्छा होती. या पोराने आपलं काम, आपलं घर न सोडता देशभरातल्या संघांशी खेळावं.

आणि तशी स्पर्धा निघालीसुद्धा! वरच्या लीगच्या खालची, साऱ्या देशाची. आमचा क्लब त्यात गेला आणि सगळ्यांना एकदम मोठेपणाची हवा लागली. खेळाडूंच्या आधी ब्लेझर आले. सोनेरी बटणांचे! टीव्हीवरच्या संघांसारखं दिसायचं म्हणून सगळे विमानाने जायचे, हॉटेलात उतरायचे, बाहेरून खेळाडू भाड्याने आणायचे. आमच्या मैदानावर परदेशी स्क्रम मशीन आलं. त्याला छोटा पडदा होता आणि रेटलं की त्यावर आकडे उमटायचे. सगळे आकडे बघत बसायचे, रेटायचं कोण? मला नेऊन टाकलं क्लबच्या शेडच्या मागे. मी चिडलो. अगदी गंज चढेपर्यंत चिडलो. मग एका मांजरीने माझ्या फाटक्या गादीत पिल्लं घातली आणि माझा राग हळूहळू गळाला. इतक्या मऊ पंजांनी मला कोणी कधी रेटलं नव्हतं.

ते सोंग किती दिवस टिकणार? नळवाले, शिक्षक, दवाखान्यातले लोक दर आठवड्याला सुट्टी कुठून आणणार? एकेकाची नोकरी जायची वेळ आली. जाहिरातदाराने हात आखडते घेतले, भाड्याचे खेळाडू रातोरात गेले. निम्मे संघ अर्ध्यातून बाहेर पडले आणि स्पर्धा बंद झाली. परदेशी मशीनही विकलं. ब्लेझर तेवढे राहिले. आमच्या संघातले दूधवाले अजून थंडीत सायकलवर तोच घालून येतात, सोनेरी बटणं चमकवत.

काही वर्षं मैदानावर शुकशुकाट होता. मग एका रविवारी डॉक्टरीणबाईंनी इतर गावांच्या क्लबांना चहाला बोलावलं. शेडच्या खिडकीखालीच मी पडलेलो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"आपण पोटापाण्याचं काम करणारी माणसं आहोत," बाई म्हणाल्या, "मग स्पर्धाही तशीच असू दे. सोमवारी सकाळी ज्याला त्याला आपल्या कामावर हजर राहता आलं पाहिजे. ज्या सामन्याहून रविवारी घरी परतता येत नाही, तो सामना ठेवायचाच नाही."

"आणि उतरायचं कुठे?" कोणीतरी विचारलं.

"आमच्याकडे. एकेका घरी दोघं-दोघं. घोरणाऱ्यांनी आधी कळवावं!"

शेडमध्ये असा हशा पिकला की मांजर उठून निघून गेली. आधी जवळच्यांनी जवळच्यांशी खेळायचं, मग जिंकणाऱ्यांनी लांबच्यांशी, आणि आपली पुढची फळी आपणच घडवायची, भाड्याने आणायची नाही, असं ठरलं. देशाच्या रग्बी मंडळाने एक अट घातली. देशभरात दोन गट, आणि प्रत्येक गटात निदान सहा संघ हवेत. एक जरी कमी झाला तरी मान्यता रद्द, स्पर्धा बंद. आमच्या गटात मोजून सहाच संघ होते. सहावा होता बंदराच्या गावचा.

काकांनी मला शेडमागून ओढून काढलं, गंज घासला, पाट्यांना तेल दिलं. "काय रे रेड्या, झोप झाली का?" म्हणाले. मला रडू आलं असतं, पण तेल सुकायच्या आत कशाला रडा?

सगळं मस्त चाललं होतं. भाचा तर असा खेळत होता की काका सामना बघायचे सोडून त्यालाच बघत बसायचे. आणि तेवढ्यात बंदराच्या संघाची पुढची फळीच नाहीशी झाली. दोघांना मोठ्या जहाजावर नोकरी लागली, तिसऱ्याचा खांदा निखळला. आमच्या स्पर्धेचा नियम कडक होता, शिकलेली पुढची फळी नसेल तर सामना सोडायचा, आणि दोन सामने सोडले तर संघ बाद. त्यांनी एक सोडला होता. दुसरा होता महिनाभराने, आमच्याशीच.

शेडमध्ये बैठक बसली. भाचा खूश होता. "न खेळता जिंकलो! गटात आपण पहिले!"

"आणि पुढच्या वर्षी खेळणार कोणाशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आरशाशी? ते गेले की पाच उरले. पाच उरले की कुलूप."

 काका उठून खिडकीशी आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "रेड्याला पाठवू या. मी पण जातो. महिनाभर दुकान बंद ठेवतो. त्यांचे गडी दणकट आहेत, फक्त पुढे उभं राहायला कोणी शिकवलेलं नाही."

"मामा!" भाचा ताडकन उठला. "आपल्याविरुद्ध? तू नक्की कोणाच्या बाजूचा आहेस?"

"मी सामन्याच्या बाजूचा आहे," काका म्हणाले. "आपण मागच्या वेळी सगळं आणलं. ब्लेझर आणले, विमानं आणली. समोरचा टिकतोय का, एवढंच बघायचं राहिलं."

भाचा पाय आपटत निघून गेला. खरं सांगू? मीही भाच्याच्या बाजूचा होतो. शत्रूच्या गावी जाऊन शत्रूला शिकवायचं? मला टेंपोत चढवताना मी मुद्दाम एक पाय फटीत अडकवला. पण माझं कोण ऐकतंय!

बंदराच्या संघाचा कप्तान बेकरीवाला. त्याने मला बेकरीच्या मागच्या अंगणात ठेवलं आणि अंगणभर पावाचा वास. नव्या पुढच्या फळीसाठी त्याने तिघं उभे केले, एक पोस्टमन, एक गवंडी आणि मधे चक्क गाण्याचे मास्तर! तिघंही इतके दिवस मागे खेळलेले. पहिल्या दिवशी ते माझ्यावर असे आदळले की मास्तर उताणे आणि गवंडी मास्तरांवर. काका पोट धरधरून हसले आणि मग रोज संध्याकाळी त्यांना माझ्यासमोर वाकवू लागले. "मान वर नको, पुढे! मास्तर, दम कुठून घ्यायचा हे मी तुम्हाला सांगायचं का?" मास्तर जोर लावताना वरचा सा लावायचे. हळूहळू तिघांचा एकच श्वास व्हायला लागला. आणि एका संध्याकाळी, काका वजनाला बसलेले असताना, त्या आठ जणांनी मला वीतभर मागे सरकवलं. मला! माझा सगळा रुसवा पळाला. मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्यांनो!

शेवटी पंचांनी येऊन फळी तपासली, होकार दिला आणि आम्ही सगळे सामन्यासाठी आमच्या गावी आलो. मला मैदानाच्या कडेला ठेवलं होतं. काका माझ्यावर बसले होते, हात मांड्यांत दाबून. भाचा त्यांच्याशी बोलला नव्हता.

काय सामना झाला! दोन्हीकडचे लोक ओरडून ओरडून घसा बसवून मोकळे. शेवटच्या मिनिटांत आम्ही थोडेसे पुढे होतो आणि आमच्याच रेषेजवळ स्क्रम लागला. भाच्याच्या समोर नेमका पोस्टमन. पंचांनी इशारा केला, बॉल आत गेला, आणि गर्दीच्या गोंगाटातून मला तो ओळखीचा वरचा सा ऐकू आला.  आमची फळी एक पाऊल मागे गेली. मग आणखी एक. भाचा दात-ओठ खाऊन उभा होता, तरी मागेच चालला होता. बंदराचे आठही जण बॉलसकट रेषेपलीकडे गेले आणि बॉल जमिनीला टेकवून त्यांनी गुण घेतले. सामना त्यांचा.

आमचे गडी गवतावर पडून राहिले. भाचा उठला, चिखलाने माखलेला, आणि सरळ आमच्याकडे आला. काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा मामाला काहीतरी तोडून बोलणार.

भाचा माझ्यावर, मामाच्या शेजारी, धपकन बसला.

"मामा," तो म्हणाला, "इतकं जोरात मला आजवर कोणी रेटलं नव्हतं."

"लागलं का रे?"

"लागलं. पुढच्या वर्षी परत हवंय." आणि तो हसायला लागला. काकाही हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

त्या संध्याकाळी दोन्ही संघांनी मिळून मला रेटत शेडमध्ये नेलं. तेव्हापासून ती रीतच पडली. सामना संपला की यजमान आणि पाहुणे एकाच बाजूने वाकतात आणि मला घरी पोचवतात. त्या वेळी मी जराही अडत नाही. रेड्यालाही कळतं, कधी अडायचं ते.

मित्रांनो, तेव्हापासून ज्या क्लबाची पुढची फळी दुबळी, तिथे मला पाठवतात. माझ्या एका गादीला बंदरातल्या शिडाच्या कापडाचं ठिगळ आहे, दुसरीला कुणाच्या तरी आईच्या पडद्याचं. आणि आज मी तुमच्या या डोंगरावरच्या मैदानात आलोय, कारण तुम्ही आमचा सातवा संघ. मला उन्हापावसात टाकू नका, पाट्यांना वेळच्या वेळी तेल द्या आणि मांजर आली तर तिला हाकलू नका. जसं मला जपाल तसंच समोरच्या संघाला जपा, एवढंच मागणं आहे.

बांधल्या का नाड्या? हा जो रुंद खांद्यांचा माणूस तुम्हाला आठवडाभर शिकवणार आहे ना, तोच भाचा. येत्या शनिवारी तो तुमच्याच समोर उभा असणार आहे. त्याला मागे रेटलंत तर सगळ्यात जास्त आनंद त्यालाच होईल. आणि माझ्यावर हे जे म्हातारे गृहस्थ वजनाला बसलेत, ते आता ओरडणार आहेत. ऐका त्यांचं.

"पाठ सरळ!"

चला, या अंगावर.