गाण्यातले खड्डे

काशिरामचा नवा अल्बम आला आणि सुदामचं धंद्यावरून लक्ष उडालं. पनवेलजवळच्या करंजाड्यात घरोघर पाण्याचे जार पोचवायचा त्याचा धंदा. त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे जार पाचव्यावर गेले, पाचव्यावरचे टेंपोतच राहिले, आणि लोकांचे फोन त्याची बायको मनिषा घेत बसली. ती कोणावर चिडली नाही. या घरात काशिराम पहिला आला, मी नंतर आले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लग्न झाल्यापासून सांगत होती.

काशिराम त्यांच्या नात्यातला नव्हता. तो उरणजवळच्या मोरा बंदरातला कोळी. सुदाम आगरी, ज्या गावाच्या जागेवरून आता विमानं उडतात त्या गावचा. पण ‘बंदरावरची वरात’ हा काशिरामचा पहिला अल्बम कॅसेटवर आला, तेव्हापासून सुदाम त्याचा भक्त. हळदीला गाणं कोणतं लावायचं यावरच्या त्याच्या हट्टापायी दोन सोयरिकी मोडता मोडता वाचल्या होत्या, आणि पुढे ओळख वाढून काशिराम त्याला धाकट्या भावासारखा फोन करायला लागला होता. याचा सुदामला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या घराचाही नव्हता.

मग मध्ये तीन वर्षं काशिराम गप्प झाला. त्याची बायको कृष्णाबाई गेली, आणि त्यानंतर त्याने गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. तिच्या दहाव्याला सुदाम मोऱ्याला जाऊन आला होता. ‘काशिरामप्रेमी’ या ग्रुपवर त्याने बातमी टाकली, चारेकशे जणांनी हात जोडले, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी हळदीचा व्हिडिओ टाकून ग्रुप पुन्हा मार्गी लावला.

आता आलेल्या अल्बमचं नाव ‘एक वल्हं’. गाणी सहा. आवाज तोच, थोडा खाली बसलेला, पण तोच. ढोलकी चांगली, बेंजो चांगला. भानगड वेगळीच होती. काशिरामची गाणी पहिल्यापासून सवाल-जवाबाची. तो एका ओळीत विचारणार, कोरसमधल्या मोऱ्याच्या बायका पुढच्या ओळीत उत्तर देणार, आणि त्या उत्तरावर सगळा मांडव नाचायला उठणार. नव्या गाण्यांत तो विचारत होता आणि उत्तराच्या जागी काहीच नव्हतं. एका ओळीएवढा वेळ सगळी वाद्यं बंद, ढोलकीवर नुसती बोटं टेकल्याचा आवाज. मग पुढची ओळ. पुन्हा तेच. सहाच्या सहा गाण्यांत.

लोकांनी या जागांना खड्डे म्हणायला सुरुवात केली. पनवेल-उरण पट्ट्यात हा शब्द शोधायला लांब जावं लागत नाही.

दर रविवारी ग्रुपमधली खाशी मंडळी उरण नाक्यावर भगवानच्या बर्फाच्या दुकानात जमत. भगवान मासळीवाल्यांना बर्फ पुरवायचा आणि मतं फुकट द्यायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. काशिराम संपला. कोरसच्या बायकांना पैसे द्यायला लागू नयेत म्हणून त्याने कोरसच उडवला, आणि लोकांना वाटावं की काहीतरी मोठं केलंय. ‘बंदरावरची वरात’ कुठे आणि हे कुठे. यावर मान डोलावणारे बरेच होते. कोणी म्हणालं, स्टुडिओवाल्याने फाइल बिघडवली असणार. कोणी म्हणालं, वय झालं, दम घ्यायला जागा ठेवली असणार. ग्रुपमध्ये रुचिरा नावाची कॉलेजातली एक मुलगी होती, नवीन पनवेलची. तिचं म्हणणं, काकांनी ती स्पेस मुद्दाम ठेवलीय, तोच तर पॉइंट आहे. त्यावर भगवान म्हणाला की स्पेस पाहिजे तर माणूस फ्लॅट बघतो, गाणं ऐकत नाही. सगळे हसले, सुदामही हसला, आणि रुचिराचं म्हणणं बर्फाबरोबर वितळून गेलं.

सुदाम मात्र चारचौघांत काशिरामच्या बाजूने भांडायचा. नवीन काही आलं की कानाला सवय व्हायला वेळ लागतो, वगैरे. एकटा टेंपोत बसला की तो नवा अल्बम लावायचा, पहिल्या खड्ड्याला कपाळाला आठी घालायचा, दुसऱ्याला बोट पुढे करायचा आणि जुनं गाणं लावायचा. त्याला हे आवडत नव्हतं आणि आवडत नाही याची लाज वाटत होती. काशिरामने फोनवर विचारलं तेव्हा त्याने “मस्त झालाय” असं सांगून टाकलं होतं.

पुढे सुदामच्या पुतणीचं, रोशनीचं लग्न ठरलं. सुदामने काशिरामला आमंत्रणाचा फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “हळदीला येतो. नव्यातला पयला गाना लाव. लोकं उठली तर फुडं गाईन. नाय उठली तर आता बास झाला.”

ही धमकी नव्हती. या भागात गाण्याची परीक्षा हळदीच्या मांडवातच होते. बाकी लाइक्स वगैरे सगळं नंतरचं. मांडव उठला तर गाणं जगलं, बसून राहिला तर गेलं. काशिराम स्वतः निकाल ऐकायला येणार होता, आणि निकाल काय लागणार हे सुदामला आजच दिसत होतं. त्याला झोप लागेना. काशिरामने गाणं सोडलं तर आपल्याकडे काय उरणार, असा विचार त्याच्या मनात आला. पाण्याचे जार, एवढंच उत्तर आलं.

तो उलव्याला अविनाशकडे गेला. अविनाशची साउंड सिस्टिम, हळदीचं काम त्याच्याकडेच होतं. शेडमध्ये त्याने पहिलं गाणं लावलं. अविनाशची स्पीकर उचलणारी दोन माणसं सवयीने नाचायला लागली, खड्ड्यापाशी आली आणि हात वर करून उभी राहिली. पुढची ओळ सुरू होईपर्यंत एकाला आपण नाचतोय याची लाज वाटायला लागली होती. अविनाशने लगेच सुचवलं की गॅप काढून टाकू, ओळीला ओळ जोडू, कोणाला पत्ता लागायचा नाही.

सुदामने थोडा विचार केला, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्याने जेमतेम एक घोट चहा घेतला. भातातला खडा आपण काढतोच, त्याने भाताचा काय अपमान होतो? चूक स्टुडिओवाल्याचीच असणार. काशिरामला तरी कुठे कळणार? उलट लोक नाचताना बघून त्याचा जीव सुखावेल. “काढ,” तो म्हणाला. अविनाशने लॅपटॉपवर खड्डे बुजवले, आणि गाणं असं सपाट पळायला लागलं की सुदामचा पायही हलला. त्या दिवशी घरी येताना टेंपोत त्याने ते सारखं ऐकलं. पहिल्यांदाच त्याला नवा अल्बम खरोखर आवडला.

हळदीच्या दिवशी काशिराम दिवेलागणीच्या आधीच आला. पांढरा सदरा, हातात मिठाईचा खोका. तब्येतीने उतरला होता. बायका त्याच्या पाया पडल्या, पोरांनी सेल्फी घेतले, भगवानने खुर्ची आणून दिली आणि तो ‘बंदरावरची वरात’बद्दल मोजून चांगलं बोलला. नव्याचं नाव काढलं नाही. रोशनीला हळद लागली, जेवणाची पहिली पंगत उठली. सुदामने अविनाशला खूण केली.

गाणं सुरू झालं. ‘दारी जाल कोन वालवी’, दाराशी जाळं कोण वाळवतंय, अशी सवालाची ओळ आली आणि तिच्या पाठोपाठ, दम न घेता, पुढची. मांडव उठला. आधी पोरं, मग रोशनीच्या मैत्रिणी, मग ज्यांना गुडघे दुखतात म्हणून खुर्च्या ठेवल्या होत्या त्या बायका. भगवान हात वर करून शिरला आणि जाता जाता सुदामच्या पाठीवर थाप मारून गेला. गाणं संपलं तसे लोक पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणून ओरडले. पुन्हा लागलं. रुचिरा तेवढी कडेला उभी राहून अविनाशच्या लॅपटॉपकडे बघत होती. सुदामने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याचा ऊर भरून आला होता. पंचवीस वर्षं त्याने या माणसाकडून घेतलं होतं, आज पहिल्यांदा काहीतरी दिलं होतं.

त्याने काशिरामकडे पाहिलं. काशिराम नाचणाऱ्यांकडे बघत नव्हता. त्याने मान खाली घातली होती आणि एक हात मांडीवर ठेवून तो बोटांनी ठेका धरत होता. मध्येच बोटं थांबत, गाणं पुढे निघून जाई, आणि बोटं मागे राहत. त्याने सुदामला हाताने जवळ बोलावलं. आवाज मोठा होता, सुदामला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

“मदली जागा कुठं गेली?”

सुदामने सांगितलं. थोडं हसत, थोडं समजावत. लोक कसे अडखळत होते, अविनाशने किती सफाईने जोडलं, आता बघा कसे नाचतायत. बोलता बोलता त्याचं हसू आपोआप कमी झालं, कारण काशिराम त्याच्याकडे रागाने बघत नव्हता. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“ती किस्नीची जागा होती,” काशिराम म्हणाला. “पंचवीस वर्सं मी इचारायचो नि ती सांगायची. बाकीच्या बाया तिच्या मागनं बोलायच्या. आता कोन सांगनार? म्हनून तिची जागा ठेवली.”

कृष्णाबाई कोरसमध्ये गायची हे सुदामला माहीत होतं. त्याच्याकडे असलेल्या प्रत्येक कॅसेटच्या मागे तिचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं. तिच्या दहाव्याला तो जेवून आला होता. सबंध महिना त्यांनी बर्फाच्या दुकानात बेंजोवर वाद घातला, ढोलकीवर घातला, स्टुडिओवर घातला, काशिरामच्या वयावर घातला; त्या जागेत पूर्वी कोण गायचं, हे त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. त्यांच्या लेखी तो कोरस होता. सुदामला तिथल्या तिथे जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं.

“दादा, मी ओरिजिनल लावायला सांगतो,” तो म्हणाला आणि अविनाशकडे निघाला.

काशिरामने त्याचं मनगट धरलं. “नको. पोरीची हलद हाय. नाचू दे त्यांना.” मग म्हणाला, “उठली ना लोकं? मी बोललो होतो, उठली तर फुडं गाईन. गाईन मी. पन आता जागा नाय ठेवनार. लोकांना अडचन होते.”

सुदामला जे हवं होतं ते मिळालं होतं, अगदी त्याने मागितलं तसंच. काशिराम पुढे म्हणाला, “मना वाटला, निदान तुला तरी कलेल.”

तेवढ्यात मनिषा आणि रोशनीच्या मावश्या आल्या. हळदीला आलेल्या पाहुण्याला नुसतं बसून जाऊ देत नाहीत, आणि हा तर गाणारा. त्यांनी काशिरामच्या हाताला धरून ओढलं, त्याच्या गालांना हळद फासली, आणि अविनाशने तिसऱ्यांदा तेच गाणं लावलं. काशिराम नाही म्हणाला नाही. तो गर्दीच्या मधोमध गेला आणि नाचायला लागला. वयाच्या मानाने पाय चांगले पडत होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग ती ओळ आली, आणि काशिराम थांबला. गाणं थांबलं नव्हतं, मांडव थांबला नव्हता. तो एकटा हात अर्धे उचलून उभा राहिला, एका ओळीएवढा वेळ, आणि मग पुढे नाचला. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. मागून येणारी बाई त्याच्यावर आदळली. कोणीतरी म्हणालं, दादांचा ठेका चुकतोय. भगवानने लांबून सुदामकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बघ, मी सांगत होतो की नाही.

सुदाम गर्दीत शिरला. वाट काढत काशिरामच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि नाचायला लागला. पहिल्या वेळी त्याला थांबायला उशीर झाला, पुढच्या ओळीच्या अर्ध्या शब्दावर तो नाचून गेला. दुसऱ्या वेळी त्याने काशिरामच्या हातांवर नजर ठेवली. ते थांबले तसा तोही थांबला. आजूबाजूला सगळा मांडव उड्या मारत होता आणि मधोमध दोन माणसं गप्प उभी होती. काशिरामने त्याच्याकडे बघितलं नाही, पण तो थोडा सरकला आणि सुदामला उभं राहायला जागा झाली.

दुसऱ्या बाजूने मनिषा आली, तिने सुदामचा दंड धरला आणि कानात विचारलं, किती प्यायलात?

“गप,” सुदाम म्हणाला. “किस्नीवैनी गातेय.”