हिरव्या इरकलीची घडी

कपाट आवरायचं प्रांजलच्या डोक्यात आलं. माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीला पलूसला आली की मला सुधारते. या दिवाळीत तिनं मोबाइलवर बघितलं होतं म्हणे. एकेक वस्तू हातात घ्यायची, मन प्रसन्न झालं तर ठेवायची, नाहीतर बाहेर काढायची.

"मग तुझे पप्पा पण बाहेर जातील," मी म्हटलं.

पप्पा, म्हणजे निवृत्त हवालदार ज्योतिबा, पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं पान उलटलं.

आमच्याकडं आहेराच्या साड्या कुणी नेसत नाही, त्या फिरतात. विट्याच्या लग्नातली साडी आटपाडीच्या बारशाला जाते, तिथनं दिघंचीला. तासाभरात माझ्याही तशा दोन पिशव्या भरल्या आणि मला खरंच बरं वाटलं. मग प्रांजलनं खालच्या कप्प्यातनं हिरवी इरकल काढली. निव्वळ रेशीम, तांबडा पदर. दुकानाच्या टाचण्यासुद्धा तशाच.

"आई, ही कसली भारी आहे! नेसली का नाहीस?"

बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते मी पोरीला सांगितलं. ही तिच्या सुलाआत्याची साडी. या घराच्या वास्तुशांतीला वन्सं म्हसवडकडनं आल्या होत्या. वर्षापूर्वीच त्यांचे मालक, केरबा, वारले होते. आम्ही जोडीनं पूजेला बसलेलो, बायका एकेक आहेर करत होत्या. वन्सं पुढं आल्या, माझ्या खांद्यावर पदर घालायला हात उचलला, आणि मी भरल्या घरात म्हणाले, "तुमी नगा, वन्सं. पूजा हून जाऊ दे, मग बघू." त्यांचा हात तसाच वर राहिला. मग साडी कॉटवर ठेवून त्या चुलीकडं गेल्या आणि दिवसभर भांडी घासली.

पुढच्या दिवाळीला त्यांचा फोन आला. "घडी मोडलीस का गं साडीची?" मी म्हटलं, "मोडली की! बिरदेवाच्या जत्रंत नेसले." त्यानंतर दर दिवाळीला त्या विचारायच्या, कशी दिसली, कोण काय म्हणालं. मीही दर वर्षी थोडं थोडं वाढवून सांगायची.

प्रांजल म्हणाली, "घरातलं सगळ्यात जड सामान हेच आहे. परत देऊन ये, माफी माग. बघ किती हलकं वाटतं."

मलाही पटलं. हलकं कुणाला नको असतं?

विट्याला एसटी बदलली. तिथनं पुढं म्हसवडपर्यंत एकच वाक्य घोकत होते. वस्तीवर वन्सं अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांची सून शिवांजली पाणी घेऊन आली. मी पिशवी पुढं ठेवली.

"वन्सं, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"वास्तुशांतीला तुमचा हात मागं सारला. आन् जत्रंत नेसले म्हनाले, ते बी खोटं."

त्यांनी एक शेंग फोडली. "ठावं हाय मला. त्या जत्रंत म्या हुते की. पिवळी नेसली हुतीस तू. पालखीच्या पल्याडनं बघितली."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मग दर दिवाळीला इचारत का हुता?"

"आज खरं बोलंल, उद्या बोलंल म्हनून. मागनं मागनं मजा बी वाटायला लागली. औंदा काय नवं रचतीया बघू." त्या हसल्या. "कुनाला तरी तू म्हनं राणीगत दिसलीस."

शिवांजली तोंडाला पदर लावून आत गेली.

"आन् आजच कशी आलीस?"

"मनावर लय वझं हाय, वन्सं."

"ते माज्या दारात टाकायला आलीस व्हय? कचऱ्याची गाडी हाय का गं म्या?"



त्यांनी हात पदराला पुसले, साडी मांडीवर घेतली आणि एकेक टाचणी काढायला लागल्या. "केरबानं आनली हुती ही माज्यासाठनं. जत्रंला नेस म्हनला. जत्रा आठ दिसांवर आली आन् त्योच गेला. मग हिरवी कोन नेसू देतंय मला? म्हनलं, भावजयीच्या अंगावर घडी मोडंल, लांबनं का हुईना बघीन. कशी दिसती ती." टाचण्या त्यांनी शेंगांच्या टरफलांत टाकल्या. "म्हनून म्या जत्रंत पार पुढं घुसले हुते."

मला रडायला आलं. त्यांनी मला रडू दिलं नाही.

"शिवांजली, मामींची वटी भर गं. सवाशीन रिकाम्या वटीनं जाऊ ने. म्या भरलेली हिला चालत न्हाई. नारळ आन, आन् साडी हीच घाल."

भरली ओटी परत करता येत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

"आता नेसून दाव."

मी आतल्या खोलीत गेले. कमरेला पहिला वेढा दिला आणि चर्र आवाज झाला. बारा वर्षं एकाच घडीत पडलेलं रेशीम, घडी कधी उलटवलीच नव्हती, जिथं जिथं घडी तिथं तिथं चिरत गेलं. मांडीवर फाटली, पाठीवर फाटली, पदराच्या तर पट्ट्याच झाल्या. तशीच बाहेर आले. आतला परकर दिसत होता. शिवांजली आता हसत नव्हती.

वन्सं उठल्या. जवळ येऊन त्यांनी माझ्या निऱ्या नीट केल्या, खांद्यावर पदर सारखा केला. तोच हात. या वेळी मी हलले नाही.

जरा लांब जाऊन त्यांनी खालीवर बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"बरी दिसती," त्या म्हणाल्या. "केरबाला पारख हुती."

"वन्सं, माफ केलं म्हना की."

"तुजी एसटी चुकंल. आन् ऐक. फाटकी आहेरात खपत न्हाई, तवा आता ही तुज्याकडंच ऱ्हानार. दर पुनवंला घडी बदल. म्या फोन करीन."

घरी आले तर प्रांजलनं कपाट पुसून ठेवलं होतं. "हलकं वाटतंय ना?" तिनं विचारलं. मी इरकल खालच्या कप्प्यात ठेवली. आता तिथं दुसरं काहीच नव्हतं.

पौर्णिमेला फोन वाजला. तिकडं शिवांजलीनं मोबाइल धरला होता, व्हिडिओ सुरू होता, आणि पडद्यावर वन्संचं तोंड इतकं जवळ आलं होतं की नुसते डोळे दिसत होते.

"घडी बदललीस का?"

"बदलली की."

"दाव."

मी साडी आणली, कॉटवर पसरली. ज्योतिबा पेपर घेऊन बाहेर गेले. मी घडी घालायला लागले.

"तशी नगं," वन्सं म्हणाल्या. "उलट्या अंगानं घाल. तिकडं आजून धड हाय."