थोरलीची कमान

आमच्या धंद्यात लग्नाला नाव नसतं. जागा असते आणि रंग असतो. 'तळ्याकाठचं लॉन, पांढरं-केशरी' एवढं म्हटलं की गाडी भरायला लागायची. हा नियम मी घालून दिला. नवरा-नवरीची नावं कळली की आमची माणसं फुलं टोचायची सोडून त्यांच्या घरची धुणी धुवायला बसतात. मग शिडीवरचा माणूस गप्पांत रंगतो, त्याच्या हातून तार सुटते आणि खालच्याच्या डोक्यात बसते. म्हणून नावं बंद. मी स्वतः शाळेत गेले ती नावापुरती, त्यामुळे नावं वाचायची कटकटही वाचली.

तर त्याच माझ्या नियमाआड माझ्या पोटचं पोर लपलं. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही आणि उतरवायची मला घाईही नाही.

उन्हाळ्यातलं लग्न म्हणजे सजावट करणाऱ्याच्या मानेवर सुरी. दुपारी आम्ही लॉनवर होतो तेव्हा खुर्च्यांना हात लावला तर चटका बसत होता. पांढरे पडदे चढले होते, टेबलांवर काचेची भांडी लागली होती. राहिली होती दाराची कमान. उन्हाळ्यात कमान शेवटी करायची, कारण आधी केली तर पाहुणे यायच्या आत फुलं माना टाकतात. आणि केली म्हणजे संपलं असंही नाही. ज्याने कमान केली त्याने पाण्याचा फवारा घेऊन शेजारी उभं राहायचं, शेवटचा पाहुणा आत जाईपर्यंत. दुसऱ्याच्या हातात फवारा द्यायचा नाही. हाही नियम माझाच.

कमान करत होती माझी थोरली. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून ती माझ्याच सजावटीच्या कारखान्यात आहे, आणि तिच्याइतका चांगला हात माझ्याकडे दुसरा नाही. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तोंडावर कौतुक केलेली माणसं उशिरा कामावर येतात. त्या दिवशी मात्र मी खुर्ची टाकून नुसती बघत बसले होते. खालून गच्च हिरवा पाला, त्यातून केशरी गुलाब वर चढत गेलेले, आणि माथ्यावर पांढरी शेवंती अशी सोडलेली की सांडल्यासारखी वाटावी. शिडी आमचा शिडीवालाच धरून होता. हा माझ्याकडे तरुण असल्यापासून आहे. आता त्याचे गुडघे वाजतात, पण शिडी दुसऱ्याला धरू देत नाही.

एवढ्यात एक मोठी गाडी आली आणि तिच्यातून विहीणबाई उतरल्या. विहीणबाई म्हणजे थोरलीची पूर्वीची सासू. त्याच त्या, ज्यांना माझ्या मुलीच्या हाताला येणारा पाल्याचा वास सोसला नव्हता. 'आमच्या घरातल्या बायका फुलं घेतात, विकत नाहीत,' असं मला माझ्याच घरात बसून ऐकवून गेल्या होत्या. अंगावर सोनं एवढं होतं की मान आधी वळायची आणि दागिने मागून.

मी म्हटलं, "काय विहीणबाई, वाट चुकलात?"

"मी कशाला चुकू? माझ्या मुलाचं लग्न आहे."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या शिडीवर पाहत होत्या. माझ्या हातात कात्री होती. शिडीवाल्याने एक हात शिडीवरून काढला आणि ती हळूच काढून घेतली. कुठली वस्तू कधी कुठे नसावी हे त्याला बरोबर कळतं.

माझा धाकटा, बारक्या, लगबगीने पुढे आला. धंद्याची कामं ठरवतो तोच. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गॉगल. बघितलं की वाटावं याचंच लग्न आहे.

"तू हे काम घेतलंस?" मी विचारलं.

"आई, तूच म्हणतेस ना, नावं सांगायची नाहीत. मी जागा सांगितली, रंग सांगितला."

"एवढी अक्कल शाळेत चालवली असतीस तर आज मी तुझ्या ऑफिसात पंख्याखाली बसले असते."

"मोठी माणसं आहेत, आई. इथे काम दिसलं की पुढची दहा कामं येतात. जुनं किती दिवस उगाळायचं?"

मी उत्तर देणार तोच विहीणबाईंनी हात वर केला. जणू आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात भांडत होतो. "काम छान झालंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पाहुणे यायच्या आत हिला इथून हलवा. दाराशी तर मुळीच नको. याने मला सांगितलं नव्हतं, ही येणार आहे म्हणून."

"हो हो, काकू, काळजीच नको," बारक्या म्हणाला. मग वर बघून, "ताई, खाली ये. तू गाडीत बस जरा. मी पंखा लावून देतो. फवाऱ्याला दुसऱ्या कुणाला उभं करू."

सख्ख्या बहिणीला गाडीत बसवायला निघाला होता, उरलेल्या तारेच्या भेंडोळ्यासारखं. मी शिडीवाल्याला म्हटलं, "उतरव."

"काय उतरवू?"

"सगळं. कमान, पडदे, दिव्यांची झुंबरं. गवत तेवढं यांचं आहे, ते राहू दे."

विहीणबाईंचा चेहरा पडद्यासारखा पांढरा झाला. "अहो, माणसं निघालीत घरून."

"मग येऊन गवतावर बसतील. हवा चांगली आहे."

बारक्याने माझा दंड धरला, मी तो झटकला. आणि तेवढ्यात थोरली शिडीवरून खाली उतरली. तोंड घामाने निथळत होतं, केसांत पाला अडकलेला. तिने आधी हात पुसले. मग म्हणाली, "काही उतरवायचं नाही."

"तू गप्प बस. तुला ठाऊक नाही कुणाच्या दारात उभी आहेस ती."

"ठाऊक आहे, आई. मापं घ्यायला मीच आले होते."

हे ऐकून मी शिडीवाल्याकडे वळले. तो आभाळात काहीतरी शोधायला लागला. "तुलाही माहीत होतं?"

"नाव माहीत नव्हतं, मालकीणबाई," तो म्हणाला. "चेहरा ओळखला फक्त."

म्हणजे अख्ख्या कारखान्यात बावळट एक मीच. ज्यांच्या पोटात मी आजवर अन्न घातलं त्यांनी माझ्याच नियमाचं फडकं माझ्या डोळ्यांवर बांधलं होतं. मला बारक्याच्या कानाखाली वाजवायची होती, शिडीवाल्याला शिडीवर चढवून शिडी काढून घ्यायची होती, आणि थोरलीचं काय करायचं होतं ते मला सुचत नव्हतं.

"त्याच्या लग्नाला तू फुलं लावतेस?" मी म्हटलं. "लाज कुठे ठेवलीस?"

"लग्न त्याचं आहे. कमान माझी आहे." ती हळू आवाजात बोलत होती, त्यामुळे मला आणखीच राग येत होता. भांडायचं असेल तर माणसाने आवाज चढवावा, म्हणजे समोरच्यालाही चढवता येतो. "बारक्या मला नेहमी कोपऱ्यातली टेबलं देतो. एवढं उंच दार मला पुन्हा कोण देणार होतं? मी मागून घेतलं हे काम."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. आणि मलाही येऊ दिलं नसतंस."

हे खरं होतं. म्हणून मी दुसरं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने बोलू दिलं नाही. "तुला मला इथून ओढत न्यायचंय. यांना मला गाडीत कोंबायचंय. मला विचाराल का कुणी?"

"विचारते. काय करणार आहेस?"

"नेहमी करते तेच."

तिने फवारा उचलला, दांडा दाबून हवा भरली आणि विहीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्या घरात असताना ती यांना 'आई' म्हणायची. मला ते कधीच आवडलं नव्हतं. आता म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणत असाल तर मी जाते. पण मग हा तुम्ही धरा. जोरात मारलात तर पाकळ्या झडतील, हलका मारलात तर माथा कोरडा राहील. बाकी कुणाच्या हातात मी देणार नाही."

विहीणबाईंनी फवाऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या जरीच्या काठाकडे. फोटोवाला केव्हाचा कमानीखाली गुडघे टेकून फोटो काढत होता आणि स्वतःशीच 'वा, वा' म्हणत होता. त्यांना ती कमान हवी होती. ती करणारी नको होती. पण ऊन दोन्ही वेगळं करू देत नव्हतं.

"निदान तोंडाला फडकं तरी बांध," त्या शेवटी म्हणाल्या.

"उकडतं, बाई."

त्या आत निघून गेल्या. मी माझी खुर्ची उचलून थोरलीच्या शेजारी आणून टाकली आणि बसले. ती म्हणाली, "तू कशाला?" मी म्हटलं, "जागा लॉनवाल्याची आहे, तुझी नाही." बारक्या लांबून येरझाऱ्या घालत होता, माझी नजर गेली की पडद्याची घडी सारखी करत होता.

ऊन कललं तशी माणसं यायला लागली. थोरली माथ्याकडे फवारा धरायची, पाणी धुरासारखं सुटायचं, आणि खालून जाणाऱ्यांना तेवढाच गारवा. बायका मुद्दाम रेंगाळत होत्या. काही जण तिच्याकडे बघून चालता चालता अडखळले. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मला वाटलं, ओळख पटली म्हणून बघतायत. पण ते बघणं तसलं नव्हतं. मेलेलं माणूस बाजारात भाजी घेताना दिसावं तसं ते बघत होते.

मग आली आत्या. नवऱ्यामुलाची आत्या, त्या घरात थोरलीशी सरळ बोलणारी एकटीच बाई. ती कमानीखाली थबकली ती हललीच नाही. मागे रांग लागली.

"अगं पोरी," ती म्हणाली, "तू बरी झालीस?"

"मला काय झालं होतं, आत्या?"

आत्या घुटमळली. "डोक्याचं गं. माणसं ओळखू येत नाहीत म्हणे तुला. कुठल्याशा संस्थेत ठेवलंय म्हणून वहिनी सगळ्यांना सांगत होत्या. मी भेटायला निघाले होते, तर म्हणाल्या, जाऊ नका, अंगावर धावून येते."

फडकं कशासाठी बांधायचं होतं ते मला तेव्हा कळलं. पोरगी घर सोडून गेली हे सांगायला लाज वाटली, म्हणून तिला वेडी करून टाकली होती. माझ्या हाताखाली घडलेल्या मुलीला, जिच्या बोटांखाली तार कधी वाकडी गेली नाही. मी उठले तशी खुर्ची मागे कोसळली. जे मी बोलणार होते ते कागदावर उतरवलं तर कागद करपेल. आत जाऊन विहीणबाईंना त्यांच्याच पाहुण्यांसमोर उभं करायचं आणि एकेक शब्द गिळायला लावायचा, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

"आई, खुर्ची उचल," थोरली म्हणाली. "माणसं अडखळतील."

तिचा आवाज असा होता की मी खुर्ची उचलली.

मग तिने फवारा खाली धरला आणि आत्याला म्हणाली, "मी बरी आहे. आजारी कधी नव्हतेच. तुमच्या घरी मला काम करू देत नव्हते, म्हणून निघून आले. एवढंच झालंय. ही कमान मी केलीय. कशी वाटते?"

आत्याने मान वर केली. चांगली वेळ घेऊन पाहिलं, पाला, गुलाब, माथा. मागच्यांनीही माना वर केल्या, त्यांना दुसरं काय करता येणार होतं. "झकास," आत्या म्हणाली. "थांब, वहिनींनाच विचारते, कुठली संस्था ती." आणि पदर खोचून आत गेली. जरा वेळाने तिचा आवाज पडद्यांपलीकडून आला. शब्द कळले नाहीत, पण सूर ऐकून माझं थोडं तरी पोट भरलं.

त्या आवाजामागोमाग तो आला. पूर्वीचा जावई. नवे कपडे, कपाळावर घाम, दात आवळलेले. कमानीच्या ऐन मध्यात उभा राहून हळूच म्हणाला, "तमाशा करायला आलीस इथे?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. धार लावून ठेवलेलं, कितीतरी दिवसांचं.

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं ते गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. मग त्याच्या डोक्यावरच्या शेवंतीकडे पाहिलं. "बाजूला व्हा जरा," ती म्हणाली. "तुमच्यावर पाणी उडेल."

तो तसाच उभा राहिला. रांगेतली माणसं त्याच्याकडे बघत होती. तिने फवारा वर केला आणि थांबली. खटक्यावर तिचं बोट होतं, पण ते दाबायची तिला घाई नव्हती.

तो बाजूला झाला.

माझं उत्तर तोंडातच राहिलं. तिने माथा भिजवला, मग दोन्ही खांब, मग खालचा पाला. शेवटी फवारा नुसताच फुसफुसला, आणि बाजूची बादलीही कोरडी होती. बारक्या धावत आला, "आण आई, मी भरून आणतो."

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

नळ पार लॉनच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकाच्या तंबूमागे होता. मी बादली उचलली आणि पाहुण्यांच्या मधून, सगळ्यांच्या समोरून, पाणी आणायला निघाले.