एका नंबरावर दोन घरं

रणधीरला कोडी सोडवण्याची भारी खोड. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांत नाव कायम पहिल्या पाचांत, त्यामुळं स्वारीचे पाय जमिनीला लागत नसत. ईट गावच्या दूध संकलन केंद्राचा प्रोग्राम त्यानं पुण्यात बसून चार दिवसांत हातावेगळा केला. चुकून दोनदा दाबली गेलेली नोंद ओळखून उडवायची युक्ती तर त्याची खास लाडकी. गावात जाऊन बघायची गरज काय, असं त्याचं म्हणणं.

दीड महिन्यात गावानं महेबूबचाचांना काट्यावरून उठवलं. वीस वर्षं दूध मोजणारा माणूस. टाकीत दूध जास्त भरायचं, नोंदीत कमी दिसायचं. म्हणजे चाचा पाणी घालतात. तपासणीत दूध चोख निघालं, तरी लोकांची तोंडं बंद होईनात.

त्याच्या कंपनीनं पिटाळलं तेव्हा कुठं रणधीर सकाळी केंद्रात येऊन बसला. मथुराबाईंनी किटली रिकामी केली, पाठोपाठ त्यांच्या जावेनं. दोघींचा खात्याचा नंबर एकच, सासऱ्याचा. वाटण्या होऊन चुली कधीच वेगळ्या झाल्या होत्या, नंबर तेवढा तोच राहिला होता. चिठ्ठ्या दोन्ही बरोबर निघाल्या, पण केंद्राच्या बेरजेतून दुसरी नोंद गायब.

लागोपाठ आलेला तोच नंबर रणधीरच्या लाडक्या युक्तीनं दोनदा दाबलेला समजून उडवला होता. चाचांचे आवाजी निरोप पहिल्या आठवड्यापासून त्याच्या मोबाईलमध्ये पडून होते. म्हाताऱ्याला काय कळतंय, म्हणून त्यानं ते ऐकलेच नव्हते. आता ऐकायची हिंमत होईना.

दुपारी मंडळी जमली. चूक प्रोग्रामची होती, एवढं तो कसंबसं बोलला. केंद्राचे अध्यक्ष योगीराज पाटलांनी चाचांनाच विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

चाचांनी रणधीरकडं एकदा पाहिलं. "ऱ्हाऊन गेलं, पाटील. माझ्याच ध्यानात आलं न्हाय."

ज्याची अब्रू गेली तोच माणूस रणधीरची अब्रू झाकत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून बसला असता तरी निभावलं असतं. त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि पहिला निरोप लावला.

"साहेब, हितं एका नंबरावर दोन घरं दूध घालत्यात. तेवढं बघा, न्हायतर घोळ व्हईल. फोन उचलत न्हाय तुमी, म्हणून बोलून ठेवलं."



"चाचा, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं," रणधीर म्हणाला.

"खाली अजून तीन हायेत," चाचा शांतपणे म्हणाले. "तेबी ऐका."