भावंडांसाठी राखीव स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मुलांच्या वॉर्डात, खिडकीपाशी माझी जागा. सुताराने मला मनापासून घडवलं, पण इथे आल्यावर माझा नुसता हमाल झाला. कुणी माझ्यावर पिशव्या ठेवी, कुणी ओला टॉवेल टाकी. बसायचं मात्र कुणी नाव घेत नसे.

मग एक नवी सिस्टर आली. तिने मला पिवळाधमक रंग दिला आणि वॉर्डभर बजावलं, "यावर फक्त आजारी मुलांची भावंडं बसतील. आणि बसलेल्याला त्याचंच विचारायचं, पेशंटचं नाही." मित्रांनो, माझा भाव एकदम वधारला!

एका संध्याकाळी एक मुलगी माझ्यावर येऊन बसली. तिच्या धाकट्या भावाला रक्ताचा मोठा आजार होता. डबा आणणं, कपड्यांच्या घड्या घालणं, भावाला हसवणं, सगळं ही पोर आपणहून करायची. सगळे तिला 'शहाणी' म्हणत, आणि ती होतीच तशी.

"कशी आहेस गं?" सिस्टरने विचारलं.

"ताप उतरलाय. दूधही प्यायला."

"अगं, तुझं विचारतेय मी."

"माझं काय? मी बरी आहे."

पण तिने मान तिरकी धरली होती. सिस्टरच्या नजरेतून ते सुटलं नाही. हातातली कामं सोडून ती शेजारी फरशीवर बसून राहिली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

"कान ठणकतोय," अखेर मुलगी पुटपुटली. "आईला सांगू नका हं. तिच्या डोक्याला काय कमी व्याप आहेत?"

आई मागेच उभी होती. तिचा चेहरा पार उतरला.

"कधीपासून गं दुखतोय?"

"तू बाथरूममध्ये रडत होतीस ना, त्या दिवसापासून."

खाटेवरून भाऊ ओरडला, "ताई, तूही घे की औषध! मी एकट्यानेच किती प्यायचं?"

सगळे हसले. मुलगी हसता हसता रडायला लागली, आणि आईने तिला घट्ट जवळ घेतलं. कानाच्या डॉक्टरांनी लगेच तपासलं. वेळेत आलात, म्हणाले.

मित्रांनो, माझा पाय ढिला झाला की मी कुरकुरतं आणि सगळ्यांना कळतं. शहाणी भावंडं कुरकुरत नाहीत. म्हणून त्यांना त्यांचं स्वतःचं विचारा, आणि खरं उत्तर येईपर्यंत जवळ बसून राहा.